दान मागणारे आणि धार्मिक संस्थांचे नको असलेले फोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चांगल्या कामासाठी फोन आलाय आणि आपण मधेच ठेवून दिला, हे चुकीचं नाही का?

हा प्रश्न आधी घेतेय, कारण पुढचं सगळं इथेच अडतं. क्रेडिट कार्डवाल्याचा फोन आपण दोन सेकंदात कट करतो, पण अनाथ मुलांसाठी, कुणाच्या ऑपरेशनसाठी, मंदिर-मशीद-चर्चच्या कामासाठी फोन आला की हात थांबतो, मनात कुठेतरी टोचतं, आणि फोन करणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. माझं मत विचाराल तर दान कुणाला द्यायचं, किती द्यायचं, कधी द्यायचं हे ठरवायचा हक्क तुमचा आहे, आणि फोन वाजला म्हणून तो हक्क समोरच्याकडे जात नाही. ज्याने कधी फोन केला नाही अशी एखादी छोटी संस्था तुमच्या मदतीची जास्त गरजू असू शकते. तुम्ही नाही म्हटलंत ते त्या फोनला, त्या मुलांना किंवा देवाला नाही.

म्हणून एकच नियम ठरवून टाका, आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे: फोनवर दान द्यायचं नाही. कितीही चांगलं काम असो, फोनवर हो म्हणायचं नाही. द्यायचं असेल तर फोन ठेवून, माहिती काढून, आपण होऊन द्यायचं. या नियमाचा फायदा असा की प्रत्येक फोनला नव्याने विचार करावा लागत नाही, हा खरा का तो खरा, याला नाही म्हणू का त्याला, काही नाही, सगळ्यांना सारखंच उत्तर.

माझा नंबर यांना मिळतो तरी कुठून?

बहुतेक वेळा आपणच कधीतरी दिलेला असतो. देणगीच्या पावतीवर लिहिलेला, एखाद्या ऑनलाइन याचिकेवर सही करताना टाकलेला, प्रार्थनेसाठी नाव नोंदवताना, रक्तदानाच्या फॉर्मवर, लकी ड्रॉच्या कुपनवर, शिबिराच्या हजेरीत. मग ती यादी एका संस्थेकडून दुसरीकडे जाते, कधी अदलाबदल म्हणून, कधी भाड्याने, कधी सरळ विकत. याद्या विकणं हा वेगळा धंदाच आहे आणि त्यात 'ज्याने आधी दिलंय' अशा माणसाच्या नंबरला जास्त किंमत असते, कारण एकदा देणारा पुन्हा देतो हे त्यांना अनुभवाने माहीत असतं.

हे किती थराला जाऊ शकतं याचं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. २०१५ साली ऑलिव्ह कुक या ९२ वर्षांच्या बाई वारल्या. आयुष्यभर त्यांनी सैनिकांसाठी निधी गोळा केला होता, स्वभाव देण्याचा. देणगी मागणाऱ्या संस्थांच्या तगाद्यामुळे हे झालं अशी चर्चा झाली, त्यांच्या मृत्यूला संस्था जबाबदार नाहीत असं घरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, पण चौकशीत जे बाहेर आलं त्याने सगळा देश हादरला: त्यांचं नाव-पत्ता तब्बल ९९ संस्थांकडे होता आणि त्यातल्या बऱ्याच संस्थांनी तो दुसऱ्यांकडून मिळवलेला होता. म्हणजे बाईंनी त्यांना कधी दिलाच नव्हता. त्यानंतर तिथे २०१६ मध्ये फंडरेझिंग रेग्युलेटर नावाची स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि २०१७ पासून अशी सोय झाली की कुठल्या संस्थेने आपल्याशी संपर्क करायचा नाही ते एका ठिकाणी कळवायचं, मग त्या संस्थेला थांबावंच लागतं.

त्यामुळे फॉर्म भरताना मोबाइल नंबरच्या रकान्यापुढे चांदणी (*, म्हणजे भरणं बंधनकारक) नसेल तर तो रिकामा सोडा. 'आमच्या सहयोगी संस्थांकडून माहिती मिळावी' असा चौकोन आधीच टिक केलेला असतो, तो काढा. सहयोगी म्हणजे कोण हे तिथे कुणी सांगत नाही.

नंबर डीएनडीला (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे 'जाहिरातीचे फोन नकोत' या यादीत) टाकलाय, तरी हे फोन का येतात?

कारण बऱ्याच देशांत अशा संस्थांना कायद्यानेच सूट दिलेली आहे आणि हे लोकांना माहीतच नसतं, मग वाटतं की डीएनडीचा काही उपयोग नाही.

अमेरिकेत २००३ पासून राष्ट्रीय डू नॉट कॉल यादी आहे, पण धर्मादाय संस्था, राजकीय पक्ष आणि सर्व्हेवाले तिच्यातून बाहेर. मात्र संस्थेने पैसे देऊन नेमलेली कंपनी फोन करत असेल आणि तुम्ही 'या संस्थेसाठी पुन्हा फोन करू नका' म्हणालात तर त्या कंपनीला ते पाळावं लागतं, शिवाय सकाळी ८ च्या आधी आणि रात्री ९ नंतर तिला फोन करता येत नाही. कॅनडात यादी २००८ साली आली, तिथेही नोंदणीकृत धर्मादाय संस्थांना सूट, पण प्रत्येक संस्थेने स्वतःची 'यांना फोन नको' अशी यादी ठेवलीच पाहिजे, त्यामुळे तोंडी सांगण्याला अर्थ आहे. ऑस्ट्रेलियाची यादी २००७ पासून, तिथे नोंदणीकृत धर्मादाय संस्था सुटतात, पण वेळेचं बंधन त्यांनाही आहे आणि रविवारी फोन करायचा नाही हेही. ब्रिटनमध्ये उलटं आहे, तिथली टेलिफोन प्रेफरन्स सर्व्हिस ही फोन-नको यादी संस्थांनाही लागू होते, तुमचा नंबर त्यात असेल आणि तुम्ही त्या संस्थेला वेगळी परवानगी दिलेली नसेल तर देणगीसाठीही फोन करता येत नाही.

भारतात ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) डीएनडीमध्ये बँकिंग, रिअल इस्टेट, शिक्षण, आरोग्य, पर्यटन असे प्रकार निवडून बंद करता येतात, त्यात दान किंवा धर्म असा वेगळा प्रकार नाही. म्हणून एकेक निवडत बसण्यापेक्षा १९०९ वर सगळंच बंद करा. नको असलेल्या फोनची तक्रारही १९०९ वरच किंवा ट्रायच्या डीएनडी अॅपवर होते, नंबर, तारीख आणि काय बोलणं झालं ते लागतं, आणि तक्रार लगेच करायची, महिन्याभराने नाही.

युरोपियन युनियनमध्ये २०१८ पासून जीडीपीआर हा माहिती संरक्षणाचा कायदा लागू आहे. तिथे मार्केटिंगसाठी माझी माहिती वापरू नका असं तुम्ही सांगितलं की वाद संपला, कारण द्यावं लागत नाही आणि संस्थेला तुमच्याशी घासाघीस करता येत नाही.

मग नक्की बोलायचं काय? वाक्यच सांगा.

'मी फोनवर दान देत नाही. माझा नंबर तुमच्या यादीतून काढून टाका आणि पुन्हा फोन करू नका. धन्यवाद.' आणि ठेवून द्या.

यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही लागतात. नुसतं 'आत्ता नको' म्हणालात तर त्यांच्या कॉम्प्युटरवर 'नंतर फोन करणे' अशी नोंद होते. 'सध्या जरा अडचण आहे' म्हणालात तर 'किती दिवसांनी करू?' हा पुढचा प्रश्न तयार असतो. 'मी बिझी आहे', 'मिस्टर घरी नाहीत', 'पगार झाल्यावर बघू', ही सगळी वाक्यं आपण सभ्यपणा म्हणून बोलतो पण समोरच्याला ती होकाराच्या वाटेवरची वाटतात. कारण देऊच नका. कारण दिलं की त्यावर उत्तर असतं, बऱ्याच ठिकाणी 'ग्राहक असं म्हणाला तर तसं म्हणा' याचा लेखी कागद समोर असतो. नियमाला मात्र उत्तर नसतं. 'देत नाही' म्हणजे देत नाही.

तरी बोलत राहिले तर तेच वाक्य तशाच शब्दांत पुन्हा एकदा, तिसऱ्यांदा नाही.

ते इतकं गोड बोलतात की मधे तोडताच येत नाही. असं का होतं?

तुमचा स्वभाव भिडस्त आहे म्हणून होतं असं समजू नका, त्या बोलण्याची रचनाच तशी असते. 'नमस्कार, आज कसे आहात?' ही सुरुवात घ्या. १९९० साली डॅनियल हॉवर्ड नावाच्या संशोधकाने यावर प्रयोग केले होते, फोनवर मदत मागण्याआधी 'कसं वाटतंय आज' असं विचारलं आणि माणसाने 'छान, मजेत' असं उत्तर दिलं की त्यानंतर मदतीला हो म्हणणारे वाढतात. म्हणजे स्वतःच्या तोंडाने 'मी मजेत आहे' म्हटल्यावर लगेच दुसऱ्याच्या दुःखाला नाही म्हणणं जड जातं. त्यामुळे अनोळखी माणसाने कसे आहात विचारलं तर 'बोला, काय काम होतं?' इतकंच म्हणा. यात काही उद्धटपणा नाही.

दुसरा प्रकार, आधी छोटीशी गोष्ट मागायची. 'फक्त एक मिनिट बोलू का', 'मुलांना शुभेच्छा द्याल का', 'तुमचं नाव प्रार्थनेत घेतलं तर चालेल ना'. तुम्ही हो म्हणता, कारण त्यात काय जातंय, आणि मग मोठी मागणी येते. १९६६ साली फ्रीडमन आणि फ्रेझर या दोघांनी कॅलिफोर्नियात दाखवून दिलं होतं की खिडकीत छोटी पाटी लावायला हो म्हणालेले लोक नंतर अंगणात भला मोठा फलक लावायलाही बरेच जास्त तयार होतात.

आणि तिसरा, 'एक रुपया दिलात तरी चालेल'. यालाही अभ्यास आहे, १९७६ चा, चाल्डिनी आणि श्रोडर यांचा: 'एक पैसाही उपयोगी पडेल' एवढं जोडलं की देणारे वाढतात, आणि लोक काही एक पैसा देत नाहीत, नेहमीएवढेच देतात. एक रुपयाला नाही कसं म्हणणार ही लाजच तिथे काम करते. एकदा या तीन गोष्टी ओळखता यायला लागल्या की मधे तोडणं खूप सोपं होतं, खरंच सांगते, कारण मग तुम्हाला माणसाचं बोलणं आणि पाठ केलेलं बोलणं वेगवेगळं ऐकू येतं.

'मागच्या वर्षी तुम्ही दिले होते' असं म्हणतात, मला तर आठवतच नाही.

आठवत नसेल तर बहुधा दिलेलेच नसतील. हे वाक्य अगदी सर्रास वापरलं जातं. 'पावती क्रमांक आणि तारीख पत्राने किंवा ईमेलने पाठवा' म्हणा. खरी संस्था असेल तर पाठवेल. पत्ता मात्र सांगू नका, दान दिलं असेल तर त्यांच्याकडे असणारच ना.

फोन करणारा त्या संस्थेचाच माणूस असतो का?

कधी असतो, खूपदा नसतो. मोठ्या संस्था हे काम कॉल सेंटरला देतात आणि जमलेल्या पैशातला मोठा वाटा त्या कंपनीला जाऊ शकतो. 'तुम्ही संस्थेचे कर्मचारी आहात की कंपनीचे? मी दिलेल्या पैशातले किती संस्थेला पोचतात?' हे दोन प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका, अमेरिकेत तर जे उत्तर देतील ते खरं असावं लागतं.

वाटा किती मोठा असू शकतो ते बघा. २०२१ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने) ३८ राज्यांना बरोबर घेऊन असोसिएटेड कम्युनिटी सर्व्हिसेस नावाच्या कंपनीचा कारभार बंद पाडला. या लोकांनी ६ कोटी ७० लाख माणसांना १३० कोटी फोन केले होते, बहुतेक रेकॉर्ड केलेले, आणि ११ कोटी डॉलरच्या वर पैसे जमवले होते. कॅन्सर पेशंट, आगीत सापडलेली कुटुंबं, माजी सैनिक, लहान मुलं यांच्या नावावर. त्यात डॉलरमागे ९० सेंटपर्यंत पैसे कंपनीच ठेवून घ्यायची. ज्या लोकांनी मनापासून दिलं त्यांचं वाईट वाटतं मला, आणि ज्यांच्या नावाने मागितलं त्यांचं त्याहून जास्त.

फोनवरच्या पोराचा किंवा पोरीचा यात फारसा दोष नसतो हेही लक्षात ठेवा. तासावर किंवा टार्गेटवर काम करणारी असतात, समोरचा कागद वाचून दाखवतात. त्यांच्यावर ओरडून यादीतून नंबर निघत नाही, शांतपणे सांगून निघायची शक्यता जास्त.

संस्था खरी की खोटी हे कसं ओळखू?

फोनवर ओळखता येत नाही. म्हणूनच फोनवर द्यायचं नाही. नंबर खोटा दाखवता येतो, स्क्रीनवर संस्थेचं नाव आलं तरी त्याचा काही भरवसा नाही, आणि आता तर आवाजही बनवता येतो. नावावर तर मुळीच जाऊ नका, नामांकित संस्थेच्या नावात एक शब्द इकडे-तिकडे करून नवीन संस्था काढणं सोपं असतं. २०१५ मध्ये अमेरिकेत कॅन्सरच्या नावाने चालणाऱ्या चार संस्थांवर सगळ्या ५० राज्यांनी मिळून खटला भरला होता, १८ कोटी ७० लाख डॉलर गोळा केलेले आणि त्यातला फार थोडा पैसा पेशंटपर्यंत पोचलेला, बाकी चालवणाऱ्यांच्या गाड्या, सहली, कॉलेजच्या फिया. या नोंदणीकृत संस्था होत्या बरं का. म्हणजे नोंदणी क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नका.

फोन ठेवल्यावर काय बघायचं? सरकारी रजिस्टरमध्ये संस्था आहे का (इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशन, ऑस्ट्रेलियात एसीएनसी, अमेरिकेत आयआरएस या कर खात्याची शोध यंत्रणा, भारतात दर्पण पोर्टल), हिशेब जाहीर केलेत का, वेबसाइटवर दिलेल्या नंबरवर आपण होऊन फोन केला तर कुणी उचलतं का आणि ही मोहीम खरंच त्यांची आहे का. धार्मिक संस्थांच्या बाबतीत एक अडचण आहे, काही देशांत त्यांना हिशेब जाहीर करायचं बंधन नसतं, उदाहरणार्थ अमेरिकेत चर्चना बाकी संस्थांसारखं वार्षिक विवरण भरावं लागत नाही. तिथे मग प्रत्यक्ष जाऊन, ओळखीच्यांना विचारून खात्री करणं एवढंच हातात राहतं.

घाई, गुपित आणि विचित्र पेमेंट, या तिन्हीतलं एक जरी दिसलं तर संपला विषय. 'आजच रात्री बारापर्यंत', 'घरी सांगू नका, गुप्तदान आहे', 'गिफ्ट कार्डने द्या', 'अमुक अॅप डाउनलोड करा', 'आलेला ओटीपी सांगा'. पैसे आपल्या खात्यात यायला ओटीपी लागत नाही, खात्यातून काढायला लागतो.

हे लोक पैसे मागतच नाहीत, फक्त धर्माबद्दल बोलतात. यांना काय सांगायचं?

हा वेगळा प्रकार आहे आणि जास्त नाजूक. समोरच्याची श्रद्धा खरी असते, तो तुमचं भलं व्हावं म्हणूनच बोलत असतो. करोनाच्या काळात हे फोन वाढले त्याला एक साधं कारण होतं, दारोदार जाणं बंद झालं होतं. यहोवाज विटनेसेस या घरोघरी प्रचार करणाऱ्या ख्रिस्ती पंथाने मार्च २०२० मध्ये घरोघरी जाणं जगभर थांबवलं आणि सप्टेंबर २०२२ पर्यंत फोन आणि पत्रांवरच भर दिला होता.

अशा फोनला वाद घालू नका, धर्मावर चर्चा तर अजिबात नको, कारण चर्चा म्हणजे रस आहे असं समजलं जातं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन येतो. 'तुमच्या श्रद्धेचा आदर आहे. मला या विषयावर फोन नको. माझ्या नावापुढे तशी नोंद करा.' बस. बऱ्याच धार्मिक गटांत अशी नोंद ठेवतात आणि पाळतातही, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आणि नोंदीचा मुद्दा निघालाच आहे तर, तुमच्याबद्दल ते काय लिहून ठेवतात हे विचारायचा हक्क काही देशांत तुम्हाला आहे. फिनलंडमधल्या एका प्रकरणात युरोपियन युनियनच्या न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये निकाल दिला की दारोदार फिरताना यहोवाज विटनेसेसचे सदस्य लोकांबद्दल जी टिपणं ठेवत होते, त्यांना माहिती संरक्षणाचा कायदा लागू होतो, धर्मप्रसार आहे म्हणून सूट नाही. जीडीपीआरमध्ये तर धर्म ही विशेष जपायची माहिती मानलेली आहे. फोनवर तुम्ही कुठला धर्म पाळता, घरात कुणी आजारी आहे का, हे कुणी विचारलं तर उत्तर देऊ नका. साधा प्रश्न वाटतो पण तो कुठेतरी लिहिला जातो.

'नाही दिलं तर घरावर संकट येईल' असं म्हणाले. भीती वाटतेय.

भीती वाटणं साहजिक आहे, विशेषतः घरात आजारपण असेल, कुणी नुकतं गेलं असेल, मुलाचं लग्न-नोकरी अडलं असेल तर. पण जो माणूस तुमचं संकट दूर करायच्या बदल्यात फोनवर पैसे मागतो तो दान मागत नाहीये, तो धमकावतोय. ही खंडणीची भाषा आहे. कुठल्याही धर्मातल्या चांगल्या जाणत्या माणसाला विचारा, घाबरवून घेतलेल्या पैशाला दान कुणी म्हणणार नाही.

लगेच ठेवा, नंबर ब्लॉक करा, आणि घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा. बोलून टाकलं की भीती निम्मी होते. तुमच्या घरातल्या गोष्टी त्याला आधीच माहीत होत्या म्हणून तो अंतर्ज्ञानी आहे असं वाटत असेल तर सोशल मीडियावरच्या स्वतःच्या पोस्ट एकदा बघा, आजारपण, वाढदिवस, श्रद्धांजली, सगळं तिथे असतं. पैसे गेले असतील तर बँकेला ताबडतोब कळवा आणि सायबर पोलिसांत तक्रार करा (भारतात १९३०), यात जितका उशीर तितकं अवघड.

उचलल्यावर दोन-तीन सेकंद कुणीच बोलत नाही, मग आवाज येतो. हे काय असतं?

मशीन एकदम बरेच नंबर लावतं, जो उचलेल त्याला मोकळ्या असलेल्या माणसाकडे जोडतं, त्यात ते दोन सेकंद जातात. ती शांतता ऐकू आली की समजा, हा कॉल सेंटरचा फोन. तिथेच ठेवून दिलात तरी कुणाचा अपमान होत नाही, कारण समोर अजून कुणी आलेलंच नाही.

रेकॉर्ड केलेला आवाज म्हणतो, नको असेल तर ९ दाबा. दाबू का?

संस्था ओळखीची असेल, तुम्ही तिची सभासद असाल तर दाबा. अनोळखी असेल तर काहीच दाबू नका, बोलू नका. फसवणारे लोक त्या बटणाचा उपयोग नंबर चालू आहे आणि माणूस ऐकतोय हे बघायला करतात. बनावट आवाजांबद्दल अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या एफसीसीने (दूरसंचार नियामकाने) स्पष्ट केलंय की एआयने बनवलेला आवाजही रोबोकॉलच्या (मशीनने लावलेल्या रेकॉर्डेड फोनच्या) कायद्यात येतो.

फोनच्या सेटिंगमध्ये काय करता येईल?

आयफोनमध्ये अनोळखी नंबर गप्प करायची सोय आहे, अँड्रॉइडवर स्पॅमची सूचना आणि ब्लॉक, व्हॉट्सअॅपमध्येही २०२३ पासून अनोळखी कॉल गप्प करता येतात. लावा, पण घरात कुणी हॉस्पिटलमध्ये असेल, नोकरीच्या फोनची वाट बघत असाल, तर तेवढे दिवस काढून ठेवा, नाहीतर हवा तोच फोन चुकतो. नुसतं ब्लॉक करत बसून फार फरक पडत नाही कारण ते नंबर बदलत राहतात, तोंडी सांगणं आणि लेखी कळवणं यालाच जास्त किंमत आहे. व्हॉट्सअॅपवर आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं हे 'फक्त माझे कॉन्टॅक्ट' असं करा, निम्मी कटकट तिथे थांबते.

लेखी काय लिहू?

साधं लिहा. 'माझा मोबाइल नंबर अमुक. या नंबरवर देणगी, प्रचार किंवा कार्यक्रमासाठी फोन, मेसेज, व्हॉट्सअॅप करू नये. माझी माहिती तुमच्याकडे कुठून आली ते कळवावं, इतर कुणालाही देऊ नये आणि यादीतून काढल्याचं लेखी कळवावं.' तारीख टाका, कॉपी ठेवा. संस्थेच्या वेबसाइटवर तक्रार किंवा प्रायव्हसीसाठी वेगळा ईमेल असतो, त्यावर पाठवा, नुसत्या संपर्काच्या फॉर्मवर नको. युरोपात आणि ब्रिटनमध्ये साधारण महिन्याभरात उत्तर देणं बंधनकारक आहे. इतरत्र बंधन नसलं तरी चांगल्या संस्था ऐकतात, कारण चिडलेला माणूस त्यांनाही नको असतो. 'कुठून आली' हा प्रश्न गाळू नका, मूळ यादी सापडली की तिथेही हेच पत्र पाठवता येतं.

आई-वडील प्रत्येक फोनला पैसे देतात. त्यांना कसं समजावू?

इथे जरा सावकाश. आपण पहिलं काय करतो, रागावतो. 'अहो बाबा, किती वेळा सांगितलं, सगळे चोर असतात.' मग ते देणं थांबवत नाहीत, सांगणं थांबवतात. आणि ज्याने घरी सांगणं थांबवलंय असा माणूस तर फसवणाऱ्याला हवाच असतो.

ते का देतात हे आधी बघा. बऱ्याच घरांत दिवसभरात त्यांच्याशी इतक्या आदराने, 'आजी, तुमची तब्येत कशी आहे' असं विचारून बोलणारा तो टेलिकॉलरच एकटा असतो. काहींना आपण अजूनही कुणाच्या उपयोगी पडतोय हे समाधान असतं. ते समाधान काढून घेऊ नका, त्याला वाट द्या. वर्षाला दानासाठी अमुक रक्कम, ती कुठे द्यायची हे तुम्ही दोघं मिळून ठरवा, संस्था त्यांनाच निवडू दे, जमलं तर तिथे घेऊन जा. मग फोन आला की त्यांच्याकडे खरं उत्तर असतं: 'आमचं यंदाचं दान ठरलेलं आहे.' या वाक्यात ते देणारेच राहतात, नाही म्हणणारे होत नाहीत, म्हणून ते त्यांना बोलायला जड जात नाही. फोनजवळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

बँकेत रोजच्या व्यवहाराची मर्यादा कमी करून घ्या, मोठा व्यवहार झाला तर तुम्हालाही मेसेज येईल असं करा, पण त्यांना विचारून. त्यांच्या पाठीमागे केलंत तर विश्वास जातो. आणि विसराळूपणा वाढलाय, तीच संस्था आठवड्यात दोनदा पैसे घेतेय असं दिसलं तर संस्थेला लेखी कळवा की ही व्यक्ती निर्णय घ्यायच्या स्थितीत नाही, चांगल्या संस्था अशा वेळी पैसे परत करतात.

आमच्याच प्रार्थनास्थळाचे, ओळखीचे लोक फोन करतात. त्यांना तो नियम कसा सांगू?

तोच सांगा, फक्त आवाज वेगळा. 'काका, वर्गणी मी स्वतः येऊन देईन, फोनवर नको.' किंवा द्यायची नसेल तर 'यंदा जमणार नाही, पुन्हा विचारू नका.' ओळखीत सगळ्यात अवघड जातं ते किती दिले याची चार लोकांत चर्चा होते म्हणून. हे मात्र फोन करणाऱ्याला नाही, विश्वस्तांना किंवा समितीला भेटून सांगायला पाहिजे: नावं आणि रकमा ग्रुपवर टाकू नका, सभासदांचे नंबर बाहेरच्या कंपनीला देऊ नका, आणि फोन नको म्हणणाऱ्यांची यादी ठेवा. एकाने बोललं की अजून चार जण 'आम्हालाही हेच म्हणायचं होतं' म्हणतात.

खोटं सांगितलं तर? 'ते वारले', 'राँग नंबर' वगैरे?

नको. पुढच्या वेळी दुसरं कुणी उचलतं आणि सगळं पुन्हा सुरू होतं. शिवीगाळही नको, तक्रार करायची वेळ आली तर आपली बाजू स्वच्छ असलेली बरी.

एकदा फोनवर हो म्हणालो आणि आता दर महिन्याला पैसे कापले जातात.

आधी बँकेच्या अॅपमध्ये ऑटो-पे किंवा मॅन्डेट कुठे दिसतं ते शोधा आणि तिथूनच रद्द करा, संस्थेच्या परवानगीची वाट बघू नका. कार्डवर असेल तर कार्ड कंपनीला सांगा. मग संस्थेला लेखी कळवा की संमती मागे घेतली आहे. फोन करून रद्द करायला जाल तर कधीकधी तुम्हाला थांबवायलाच बसवलेल्या माणसाशी गाठ पडते, 'दोन महिने तरी ठेवा' सुरू होतं. पुढचे दोन-तीन महिने स्टेटमेंट बघत राहा, कधी वेगळ्या नावाने पुन्हा कापलं जातं.

मला खरंच द्यायचंय, पण दिलं की फोन सुरू होतात. काय करू?

देताना वेगळा ईमेल वापरा, नंबर बंधनकारक असेल तर दुसरं सिम. करसवलतीची पावती हवी असेल तर खरं नाव आणि कर क्रमांक द्यावाच लागतो, पण मोबाइल नंबर प्रत्येक वेळी लागतोच असं नाही, विचारून बघा. शेऱ्याच्या रकान्यात 'संपर्क करू नये, माहिती इतरांना देऊ नये' असं लिहा. दहा ठिकाणी थोडं-थोडं देण्यापेक्षा दोन-तीन संस्था निवडून त्यांनाच दरवर्षी द्या, कारण छोट्या रकमेत फोनचा आणि टपालाचा खर्चच निघत नाही आणि मग तो काढायला अजून फोन होतात. आणि दिल्यानंतर वर्षभरात ज्या संस्थेने एकदाही त्रास दिला नाही, फक्त काम काय झालं ते कळवलं, तिला पुढच्या वर्षी थोडं वाढवून द्या आणि का वाढवले तेही पत्रात लिहा.